आधी तपास, मग दुरुस्ती

भीमा नदीच्या काठी वडगाव रासाई नावाचे गाव आहे. ते पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात येते. नदी ओलांडली, की दौंड तालुका लागतो. गावाभोवती उसाची शेती आहे. अशा गावात घरचा संगणक बिघडला, तर काय करावे लागते? कोणीतरी मोटारसायकल काढतो. दुसरा मागे बसतो आणि संगणकाचा खोका मांडीवर धरतो. मग शिरूर किंवा दौंड गाठायचे.

दुकानात पुष्कळदा एकच इलाज होतो. दुकानदार म्हणतो, “फॉरमॅट करावे लागेल.” फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसून नव्याने सुरुवात करणे. संगणक चालू होतो, हे खरे. पण आजोबांचे फोटो, ऊसबिलांचा हिशोब, बहिणीने शाळेसाठी केलेला प्रकल्प हे सारे गेलेले असते. बिघाड लहान आणि नुकसान मोठे, असा हा सौदा आहे.

हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते. मात्र त्यासाठी बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी शोधावे लागते. हकीम आधी नाडी पाहतो आणि मग दवा देतो. संगणकाचेही तसेच आहे. या पाठात आपण लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती संगणकाचे रोजचे बिघाड कसे शोधावेत, ते पाहू.

प्रथम लिनक्स म्हणजे काय, ते समजून घेऊ. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये सर्व कारभार पाहणारी एक प्रणाली असते. विंडोज ही अशी एक प्रणाली आहे आणि लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. पुढे जगभरातील हजारो लोकांनी त्यात भर घातली. लिनक्स फुकट मिळते आणि त्याची प्रत दुसऱ्याला देणे हा गुन्हा नाही. उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन ही त्याचीच रूपे आहेत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचे रूप तयार केले. या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. केरळमधील सरकारी शाळांत तर मुले कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात.

विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. असा संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स घातले, तर तो आणखी काही वर्षे चांगले काम देतो.

पण मुलांना संगणकाची दुरुस्ती जमेल का? रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ साली मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक देण्यात आले होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा तो भारतातील सुरुवातीचा प्रयोग होता. त्या संगणकांत लिनक्सच होते. दुरुस्ती मुलेच करतील, असे बनवणाऱ्यांनी धरून ठेवले होते. म्हणून तो संगणक साध्या पेचकसाने उघडत असे आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत. मुठीतल्या त्या स्क्रूंची गोष्ट मला फार आवडते.

आता तपासाकडे वळू. संगणक बिघडला, की आपण घाबरतो आणि दिसेल ती कळ दाबतो. तसे करू नये. पडद्यावर काही अक्षरे आली असतील, तर ती पूर्ण वाचावीत. मोबाइलने त्यांचा फोटो काढून ठेवावा. लिनक्स सहसा मुकाट्याने बंद पडत नाही. काय अडले, ते सांगून बंद पडते. ते इंग्रजीत सांगते, एवढीच अडचण. शब्दकोश जवळ असला, की तीही राहत नाही. मग स्वतःला विचारावे : हे कधीपासून होऊ लागले? त्याच्या आधी काय बदलले? वीज गेली होती का? नवे काही बसवले का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर खरे कारण कोणते होते, ते कधीच कळत नाही.

लिनक्सचा एक मोठा फायदा येथे उपयोगी पडतो. संपूर्ण लिनक्स एका पेनड्राइव्हवर मावते आणि संगणकाच्या डिस्कला हात न लावता त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येते. त्याला ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह म्हणतात. समजा, संगणकातून आवाज येत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर आवाज आला, तर यंत्र चांगले आहे आणि बिघाड प्रणालीत आहे. तेव्हाही आवाज आला नाही, तर स्पीकर किंवा वायर तपासावी. शिवाय संगणक अजिबात सुरू होत नसला, तरी याच पेनड्राइव्हवरून आतली डिस्क उघडता येते आणि आजोबांचे फोटो दुसरीकडे उतरवून घेता येतात. म्हणून संगणक चांगला चालत असतानाच असा एक पेनड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवावा. बिघडल्यावर तो तयार करायला दुसऱ्याचा संगणक मागावा लागतो.

आता एक बिघाड सविस्तर पाहू, कारण याच बिघाडात घाईने फॉरमॅट केले जाते. संध्याकाळी संगणक सुरू केला. नाव आले, पासवर्ड विचारला गेला. तुम्ही पासवर्ड टाइप केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट समोर आली. पुन्हा टाइप केले, पुन्हा तेच. घरातले म्हणतात, “कोणीतरी पासवर्ड बदलला.”

येथे थांबून नीट पाहा. पासवर्ड चुकला असता, तर तो चुकला असे संगणकाने सांगितले असते. तसे तो सांगत नाही. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण आत गेल्यावर काहीतरी अडते आहे. पुष्कळदा ते काहीतरी म्हणजे भरलेली डिस्क असते. तुम्ही आत जाता, तेव्हा प्रणालीला तुमच्या खात्यात दोन-चार छोट्या फायली लिहाव्या लागतात. लिहायला जागाच नसेल, तर ती तुम्हाला बाहेर पाठवते. मग जागा नसताना पासवर्डची चौकट तरी कशी येते? लिनक्समध्ये डिस्कचा साधारण पाच टक्के भाग प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. सामान्य वापरणाऱ्याला तो मिळत नाही. त्यामुळे प्रणाली जागी राहते आणि आपण मात्र दाराबाहेर उभे राहतो.

याचा तपास असा करावा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबाव्यात. चित्रे जातात आणि काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे येतात. तेथे आपले नाव आणि पासवर्ड टाइप करावा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. त्यामुळे कीबोर्ड बिघडला, असे समजू नये. आत गेल्यावर संगणकाला हुकूम द्यायचा. (हुकमाला मराठीत ‘आज्ञा’ असेही म्हणतात. दोन्ही शब्द मराठीत चालतात.) या पाठात हुकमांची इंग्रजी अक्षरे आपण त्यांच्या उच्चाराने सांगणार आहोत. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत करावीत.

पहिला हुकूम ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांचा आहे. ती जोडून लिहावीत, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून ‘एच’ टाइप करावा. एंटर दाबताच डिस्कच्या प्रत्येक भागात किती टक्के जागा भरली आहे, ते दिसते. एखाद्या मोठ्या भागापुढे शंभर टक्के लिहिलेले असेल, तर चोर सापडला. उबुंटू, मिंट आणि डेबियन यांच्यात ‘सुडो’, ‘एपीटी’, ‘क्लीन’ हे तीन शब्द मध्ये जागा सोडून टाइप केले, की पूर्वी उतरवलेल्या प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती पुसल्या जातात आणि थोडी जागा मोकळी होते. तुमच्या स्वतःच्या फायलींना या हुकमाने धक्का लागत नाही. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा. आत गेल्यावर कचरापेटी रिकामी करावी आणि नको असलेले चित्रपट काढून टाकावेत. पुसलेली फाइल कचरापेटीत असते, तोपर्यंत ती जागा अडवूनच ठेवते. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा बिघाड विजेमुळे होतो. संगणक काही लिहीत असताना वीज गेली, तर लिहिणे अर्धवट राहते. यावर लिनक्सने एक चांगली तजवीज केली आहे. डिस्कवर बदल करण्यापूर्वी आपण काय करणार आहोत, याची नोंद ते एका वहीत करते. या वहीला ‘जर्नल’ म्हणतात. वीज आल्यावर लिनक्स ती वही वाचते आणि अर्धे राहिलेले काम निस्तरते. म्हणून वीज गेल्यानंतर संगणक सुरू व्हायला कधी कधी थोडा जास्त वेळ लागतो. अशा वेळी धीर धरावा, पुन्हा बटण दाबून तो बंद करू नये.

क्वचित वहीवरून काम भागत नाही. तेव्हा काळ्या पडद्यावर काही ओळी येतात आणि संगणक तेथेच थांबतो. त्या ओळींत डिस्कच्या बिघडलेल्या भागाचे नाव दिलेले असते आणि ‘एफएससीके’ हा हुकूम चालवा, असेही सांगितलेले असते. फाइल व्यवस्थेची तपासणी, असा त्याचा अर्थ आहे. हा हुकूम टाइप करून एक जागा सोडावी आणि त्या भागाचे नाव तिरप्या रेघांसकट जसेच्या तसे लिहावे. संगणक एकेक दोष दाखवतो आणि दुरुस्त करू का, असे विचारतो. होकारासाठी ‘वाय’ दाबावा. शेवटी ‘एक्झिट’ असे टाइप केले, की पुष्कळदा संगणक पूर्ववत सुरू होतो. एक सावधगिरी मात्र हवी. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल, तर हे काहीही करू नये. ती डिस्क मरणपंथाला लागलेली असते. आधी लाइव्ह पेनड्राइव्ह लावून महत्त्वाच्या फायली काढून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट घड्याळाची. जुन्या संगणकात मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली, की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. आणि मग वेबसाइट उघडत नाहीत! तारखेचा आणि वेबसाइटचा काय संबंध? सुरक्षित वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरे, हे त्यावर लिहिलेले असते. तुमचा संगणक स्वतःला काही वर्षे मागे समजत असेल, तर त्याला ते प्रमाणपत्र खोटे वाटते. इंटरनेट चालू असले, की लिनक्स बहुधा वेळ आपोआप लावून घेते. ती सोय बंद पडली असेल, तर मात्र माणूस तासभर राउटरशी झटत बसतो. म्हणून वेबसाइट अडली, की आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी.

घड्याळ नेमके साडेपाच तास चुकत असेल, तर कारण वेगळे असते. काही घरांत एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज त्याच घड्याळात भारतीय वेळ आहे असे धरते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. चुकीचा आकडाच येथे कारण सांगून जातो.

इंटरनेट बंद पडले, तर टप्प्याटप्प्याने पुढे जावे. टर्मिनल नावाची खिडकी उघडून ‘पिंग’ हा हुकूम द्यावा आणि पुढे पत्ता लिहावा. पिंग म्हणजे हाक मारणे. प्रथम घरातल्या राउटरला हाक मारावी. त्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. जबाब आला नाही, तर बिघाड घरातच आहे : वायर निघाली असेल, वायफाय बंद असेल किंवा चुकून ‘विमान’ चिन्हाची कळ दाबली गेली असेल. राउटरने जबाब दिला, तर बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारावी. तेथून जबाब नसेल, तर लाइन बाहेर तुटलेली आहे आणि संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. तेथूनही जबाब आला, पण वेबसाइटचे नाव लिहिल्यावर येत नसेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था अडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. पाहुणा गावात पोचला, पण घर दाखवणारा माणूस भेटला नाही, अशी ती स्थिती असते. हाका थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबावे.

आता तुमच्या विशेष उपयोगाची गोष्ट. तुम्ही उर्दू लिहिता आणि मराठीही लिहिता. संगणकावर या अक्षरांचे तीन प्रकारचे बिघाड दिसतात. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर त्या लिपीचा फॉन्ट नाही, असे समजावे. ‘लोहित देवनागरी’ आणि ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हे फॉन्ट फुकट मिळतात. उर्दू दिसते, पण नस्तालीक वळणाऐवजी नस्ख वळणात दिसते, तेव्हाही नस्तालीक फॉन्ट बसवला, की काम होते. मजकूर तोच असतो, फक्त त्याचा पोशाख बदलतो.

याउलट जुनी मराठी फाइल उघडल्यावर विचित्र इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. युनिकोड या पद्धतीत जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक असतो. ती रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. असा मजकूर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढावा लागतो. उर्दूच्या जुन्या इनपेज फायलींनाही तेच करावे लागते.

तिसरा बिघाड फसवा आहे. पडद्यावर शब्द स्पष्ट दिसतो, पण शोधायला सांगितले, तर संगणक म्हणतो, सापडत नाही. कारण अरबी ‘काफ’ आणि उर्दू ‘काफ’ यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक आहेत. ‘ये’ या अक्षराचेही तसेच आहे. अरबी कीबोर्डवर लिहिलेला शब्द उर्दू कीबोर्डवरून शोधला, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक डोळ्यांनी वाचत नाही. म्हणून सेटिंगमध्ये कीबोर्ड निवडताना ‘उर्दू’ हे नाव पाहूनच निवडावा.

छपाई होत नसेल, तर वायर पाहून झाल्यावर छपाईची रांग उघडून पाहावी. प्रिंटर बंद असताना पाठवलेले काम अडकले, की लिनक्स कधी कधी प्रिंटर थांबवून ठेवते. नंतर प्रिंटर चालू केला, तरी तो थांबलेलाच राहतो. जुने काम काढून टाकून ‘रिझ्यूम’ करावे. आवाज येत नसेल, तर तो मॉनिटरच्या वायरकडे पाठवला जात नाही ना, ते आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहावे.

संगणक गोठला, माउसही हलेना, तर थेट वायर ओढू नये. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या दोन कळा दाबून धराव्यात आणि एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या वेळाने एकेक दाबावीत. एस दाबल्यावर मनात ठेवलेले सारे डिस्कवर लिहिले जाते, यू दाबल्यावर डिस्कवर लिहिणे बंद होते आणि बी दाबल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो. काही लॅपटॉपवर यासाठी एफएन ही कळही लागते.

‘सुडो’ या शब्दाबद्दल सांगायलाच हवे. त्याने सुरू होणारा हुकूम मालकाच्या अधिकाराने चालतो. ‘आर’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांचा हुकूम फाइल पुसतो आणि ती कचरापेटीतही जात नाही. म्हणून कोणी सांगितलेला हुकूम अर्थ कळल्याशिवाय टाइप करू नये. अर्थ पाहण्यासाठी ‘मॅन’ लिहून पुढे त्या हुकमाचे नाव लिहावे. त्याची पूर्ण माहिती पडद्यावर येते. बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ दाबावा.

इतके करूनही काही बिघाड घरी सुटत नाहीत. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल आणि फळीवरच्या खटक्यापर्यंत वीज पोचत असेल, तर आतील वीजपुरवठ्याचा डबा गेलेला असू शकतो. तो उघडण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नये; वायर काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असते. अशा वेळी मोटारसायकल काढावीच लागते. फक्त जाताना एक कागद बरोबर न्यावा. बिघाड कधी झाला, पडद्यावर काय आले, आपण काय काय करून पाहिले, हे त्यावर लिहावे. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहावे : “डिस्कवरील फायली हव्या आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.”